रिपोर्ट माझ्या फोनवर आला

दुपारी मीटिंग चालू असताना फोन थरथरला, बघितलं तर कुठल्याशा लॅबचा मेसेज, आपला रिपोर्ट तयार आहे, खालील लिंकवर क्लिक करा. मी काही कुठली टेस्ट केली नव्हती. आधी वाटलं फ्रॉड असेल, हल्ली काय कुठूनही लिंका येतात, पण त्यात पेशंटचं नाव होतं आणि ते माझ्या भाचीचं होतं. वय सोळा. खाली लिहिलेलं, पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे फाईलला कुलूप आहे खरं, पण त्याची किल्ली घरातल्या प्रत्येकाकडे. जगातल्या सगळ्या अनोळखी लोकांपासून तो रिपोर्ट सुरक्षित होता, फक्त आईपासून नव्हता, आणि पोरीला नेमकं तेच नको होतं म्हणून तिने फॉर्मवर आईच्या ऐवजी माझा नंबर टाकून दिला होता. मला न विचारता.

मी लिंक उघडली नाही. हा काही माझा मोठेपणा नाही, उघडावीशी भयंकर वाटत होती. जन्मसाल पाठ होतं, पोरगी जन्मली तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मीच तर होते. समोर कोणीतरी स्लाईड दाखवत होतं आणि माझ्या डोक्यात याद्या चालू झाल्या, हिमोग्लोबिन असेल, थायरॉइड असेल, केस गळतायत म्हणत होती मध्ये, आणि मग त्या यादीत खाली खाली जाताना जे जे येतं ते सगळं आलं. शेवटी लिंक तिला फॉरवर्ड केली. तिचं उत्तर, थँक्स मावशी, सांगेन नंतर. पुढे एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याचा अर्थ लावण्यात माझी संध्याकाळ गेली. रात्री ताईचा नेहमीसारखा फोन आला, तिने नेहमीसारखं पोरीचं गाऱ्हाणं सांगितलं, सारखी खोलीत असते, फोन उलटा ठेवते, आणि मी हं हं करत राहिले. ताईला वाटत असणार मी ऐकतेय. मी हिशेब करत होते की मला नक्की काय माहीत आहे. तर काहीच नाही. काहीतरी आहे, एवढंच माहीत होतं, आणि ते सगळं माहीत असण्यापेक्षा जास्त जड जात होतं.

बरेच दिवस तो मेसेज मी डिलीट पण केला नाही आणि उघडला पण नाही.

माझ्या वेळी आईला कळू द्यायचं की नाही हा प्रश्नच नव्हता कारण डॉक्टर माझ्याशी बोलतच नसत. मी त्या गोल फिरणाऱ्या स्टुलावर, आई शेजारच्या खुर्चीवर, आणि डॉक्टर माझ्याकडे बघत आईला विचारायचे, भूक लागते का? आई म्हणायची, लागते हो, पण खाताना नखरे. झोप? झोपते की, उठवावं लागतं. स्टेथोस्कोपची गार चकती पाठीला लागली की मोठा श्वास घ्यायचा, एवढाच माझा सहभाग. मग एकदा, तेरा-चौदाची असेन, पाळीची तारीख विचारली गेली, तीही आईनेच सांगितली आणि चुकीची सांगितली, आणि मी ती दुरुस्त केली नाही, कारण तपासायच्या जागेचा हिरवा पडदा जमिनीपासून वीतभर वर संपायचा आणि पलीकडे वेटिंगमध्ये बसलेल्यांचे बूट मला दिसत होते. त्या डॉक्टरांचा चेहरा आता धड आठवत नाही, ते बूट मात्र आठवतात, एकाची लेस सुटलेली होती. आणि हे पण सांगायला हवं की मला कुठल्या गोळीने अंगावर पुरळ येतं ते आजही मला आठवून सांगावं लागतं, आईला नाही. रात्री-अपरात्री कपाळावर हात ठेवून थर्मामीटरच्या आधी ताप सांगणारी तीच. आता अशा बाईला एका सकाळी डॉक्टरने सांगायचं, मला मुलाशी एकट्याशी बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर बसा. कसं वाटत असेल तिला?

माझी एक मैत्रीण बालरोगतज्ज्ञ आहे, तिला विचारलं (प्रसंग न सांगता, अर्थात, म्हणजे तिला वाटलंच असणार). ती म्हणाली, औषध देणं सोपं आहे गं, पालकांना बाहेर बसवणं हे खरं कौशल्याचं काम. तिची पद्धत अशी की बाहेर जा म्हणायच्या आधी ती दोघांसमोर सांगते, आता हा मोठा होतोय तर दर वेळी थोडा वेळ मी त्याच्याशी एकट्याशी बोलते, सगळ्याच मुलांशी बोलते. तो जे सांगेल ते माझ्याकडे राहील, पण त्याच्या जिवाला धोका असेल, त्याच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी त्याचा गैरफायदा घेत असेल तर मला सांगावं लागेल. हे आईने पण ऐकायचं आणि मुलाने पण. मग आई-बाबा उठतात. काहीजण बाहेर जातात पण दार पूर्ण लावत नाहीत. काहीजण पाच मिनिटांत पाण्याची बाटली द्यायला परत येतात. आत ती ठरलेल्या क्रमाने विचारत जाते, या डॉक्टर लोकांत त्याला हेड्स म्हणतात, आधी घर, मग शाळा, मित्रमैत्रिणी-छंद, मग व्यसनं, लैंगिक गोष्टी, जीव द्यावासा वाटणं. सोप्याकडून अवघडाकडे. आणि गंमत म्हणजे, ती म्हणाली, आधी मुलालाच विचारलं की आईने थांबायला हवंय का, तर कितीतरी मुलं म्हणतात, असू दे की आई.

आपण हा विषय निघाला की लगेच मुली, गर्भनिरोधक, गर्भपात इथे पोचतो. मीही त्या मीटिंगमध्ये बसून तिथेच पोचले होते. पण तिने उदाहरण दिलं ते मुलांचं. वृषणाला पीळ पडतो, वयात येणाऱ्या मुलांमध्येच जास्त, एकदम दुखायला लागतं. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर बहुतेक वेळा वृषण वाचतं, त्यानंतर शक्यता झपाट्याने खाली येते. आणि मुलगा आईला काय सांगतो? पोटात दुखतंय. आईसमोर डॉक्टरलाही तेच सांगतो, पोटात. डॉक्टर पोट तपासतो. इकडे घड्याळ चालू. यात ना कुठलं अफेअर, ना कुठलं व्यसन, पोराने काहीच केलेलं नाही, फक्त एका अवयवाचं नाव आईसमोर तोंडातून निघत नाही. मला हे ऐकून त्या पडद्याखालचे बूट परत दिसले.

आईवडिलांना न कळवता डॉक्टरने मुलांशी बोलावं का, यावर कोर्टात भांडून झालेलं आहे, आणि भांडणारी एक आईच होती. व्हिक्टोरिया गिलिक, इंग्लंडमधली, दहा मुलांची आई. तिथल्या आरोग्य खात्याने १९८० मध्ये एक परिपत्रक काढलं की अपवादात्मक परिस्थितीत डॉक्टर सोळा वर्षांखालच्या मुलीला पालकांना न कळवता गर्भनिरोधकाचा सल्ला देऊ शकतो. ही बाई म्हणाली, माझ्या मुलींना माझ्या परवानगीशिवाय काही देणार नाही असं मला लिहून द्या. नाही दिलं, ती कोर्टात गेली. १९८३ मध्ये हरली, १९८४ मध्ये अपिलात जिंकली, १९८५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये (तिथलं तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट) तीन विरुद्ध दोन अशी हरली. सगळ्या पायऱ्यांवरचे मिळून नऊ न्यायाधीश मोजले तर पाच तिच्या बाजूने होते आणि चार विरुद्ध, तरी ती हरली. मला हा हिशेब फार बोलका वाटतो, एवढ्या शहाण्या माणसांनाही हे एका बाजूने सुटलं नाही. निकालात न्यायाधीश स्कारमन यांनी सांगितलं की मुलाला आपल्यावर काय उपचार होणार हे नीट समजण्याइतकी समज आली की पालकांचा अधिकार त्याच्या अधिकारापुढे मागे सरतो. वयाचा आकडा नाही, समज. आणि दुसरे न्यायाधीश फ्रेझर यांनी डॉक्टरांना अट घातली की आधी मुलीला पालकांशी बोलायला राजी करायचा प्रयत्न करा. हा दुसरा भाग लोक विसरतात. आईला वगळा असं कोणी म्हटलेलंच नव्हतं. गंमत म्हणजे त्या समजेच्या कसोटीला तिकडे आजही गिलिक यांचंच नाव आहे, ज्या बाईने त्याविरुद्ध एवढी वर्षं घालवली तिचं.

पण त्याच इंग्लंडमध्ये पुढे १९९२ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलीने, तिला अ‍ॅनोरेक्सिया होता (खाणंच जवळपास बंद करायचा मानसिक आजार), उपचार नको म्हटलं तेव्हा कोर्टाने तिचं ऐकलं नाही. हो म्हणायला तू मोठी, नाही म्हणायला लहान. वाचताना आधी मला हे ढोंग वाटलं. मग विचार केला, माझ्यासमोर हाडं दिसणारी सोळाची पोर बसली असती आणि म्हणाली असती मला ट्यूब नको, तर मी काय म्हटलं असतं? मीही नसतं ऐकलं. त्यामुळे मला वाटायला लागलंय की यात दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच टोपलीत टाकतो. निर्णय कोणी घ्यायचा हा एक प्रश्न, आणि कोणाला कळायला हवं हा दुसरा. पहिल्यात मी बऱ्यापैकी पालकांच्या बाजूची आहे, निदान जिवावरचं असेल तेव्हा. दुसऱ्यात नाही.

का नाही, तर मुलं गप्प बसतात म्हणून. अमेरिकेत १९९७ मध्ये एक प्रयोग छापून आला, किशोरवयीन मुलांना डॉक्टरच्या भेटीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, काहींच्यात डॉक्टर गुप्ततेबद्दल बोलतो, काहींच्यात काहीच बोलत नाही. खाजगी गोष्टी सांगायची तयारी ३९ टक्क्यांवरून ४६.५ वर गेली. फार मोठी उडी नाहीये ही, मला तर जास्तीचीच अपेक्षा होती. म्हणजे गुप्ततेचं आश्वासन देऊनही अर्ध्याहून जास्त मुलं गप्पच. पण २००२ मधल्या दुसऱ्या पाहणीचा आकडा मात्र चटका लावतो. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या कुटुंबनियोजन क्लिनिकमध्ये येणाऱ्या अठराखालच्या मुलींना विचारलं की गर्भनिरोधकं मागितल्याचं आईवडिलांना कळवणं सक्तीचं झालं तर काय कराल? ५९ टक्के म्हणाल्या की एकतर येणं बंद करू, किंवा काही सेवा घेणं सोडू, किंवा तपासण्या पुढे ढकलू. म्हणजे पालकांना कळावं म्हणून केलेल्या नियमाने पालकांना कळत नाहीच, वर डॉक्टरलाही कळेनासं होतं.

आणि मग वाचता वाचता मला मी सापडले, चक्क फ्रान्सच्या कायद्यात. २००२ च्या मार्चमध्ये त्यांनी असा कायदा केला की अल्पवयीन मुलाला आपली तब्येत आईवडिलांपासून गुप्त ठेवायची असेल तर डॉक्टरने आधी त्याचं मन वळवायचा प्रयत्न करायचा, नाहीच ऐकलं तर आवश्यक ते उपचार करायचे, पण मुलासोबत त्याने निवडलेला एखादा मोठा माणूस हवा. त्याने निवडलेला! किती शहाणपणाची तरतूद आहे. पोराला एकटं सोडायचं नाही आणि पकडून घरीही न्यायचं नाही. असा एक मोठा माणूस प्रत्येक खानदानात असतोच की, कुठली तरी मावशी, आत्या, कुणाचा तरी काका, मोठी चुलतबहीण. कायद्याने त्याला फक्त खुर्ची दिली.

ताईला हे सांगायची वेळ आली ती वेगळ्याच कारणाने. भाचीने आपलं आपण आईला सांगितलं, काय होतं, का टेस्ट केली, सगळं. काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. आणि सांगताना सरळपणे नंबरचंही सांगून टाकलं. ताई मुलीवर नाही चिडली, माझ्यावर चिडली. फोनवर तिचा आवाज एकदम सपाट झाला, तशी ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, तुला कळलं आणि मला नाही. मी म्हटलं ताई, मला पण नव्हतं कळलं, मी उघडलंच नव्हतं. ती म्हणाली, तेच तर. मी उघडलं असतं. पोरीच्या रक्तात काय आहे हे मला कळायला नको? रात्री तिला काही झालं तर गाडी कोण काढणार, फॉर्मवर सही कोण करणार, बिल कोण भरणार? जबाबदारी सगळी माझी आणि माहिती तेवढी तिची, असं कुठे असतं?

तिचं चूक नाहीये. हा प्रश्न खरा आहे आणि हक्कांबद्दल बोलणारे लोक (मी धरून) त्याला फार पटकन बगल देतात. शिवाय गुप्ततेचा फायदा मूलच घेतं असं थोडंच आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्याहून दुप्पट वयाचा कोणी माणूस दवाखान्यात घेऊन येतो आणि म्हणतो घरी सांगू नका, तेव्हा ती गुप्तता कोणाच्या कामाची? म्हणून तर मैत्रिणीने सांगितलेले ते अपवाद असतात. आपल्याकडे पॉक्सोने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) २०१२ पासून हा प्रश्न दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलाय, अठराच्या आतल्या मुलीचा शारीरिक संबंध कळला की तो मर्जीचा असो नसो, डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. तिच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागतेच. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये एवढी फट ठेवली की मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव द्यायची गरज नाही. मुलीने आणि पालकाने. तो ‘आणि’ तिथे आहेच. म्हणजे पोलिसांपासून लपता येईल, आईपासून नाही. आणि याच देशात एचआयव्हीचा २०१७ चा कायदा सांगतो की बारा वर्षांपुढचं समजूतदार मूल घर सांभाळत असेल तर ते धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं, त्यांच्या उपचारांसाठीसुद्धा. बारा! आईबाप आजारी असले किंवा गेले की तेच पोर एकदम मोठं, आईबाप धडधाकट असले की सतराव्या वर्षीही कुक्कुलं बाळ. समज मुलात असते की परिस्थितीत, असा प्रश्न पडतो.

खरं तर कायदा राहिला बाजूला, गुप्तता फुटते ती इतर ठिकाणी. काउंटरवरचा माणूस मोठ्याने विचारतो, त्वचेच्या मलमाचं कोण? लॅबचा मेसेज, मेडिक्लेमच्या कागदावर छापून आलेलं टेस्टचं नाव, अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा फोन. अमेरिकेत २०२१ पासून रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या नोंदी पेशंटला ऑनलाइन लगेच दिसायला हव्यात असा नियम झाला, पारदर्शकता म्हणून उत्तमच, पण किशोरवयीन मुलांच्या अकाउंटचा पासवर्ड आईकडे असतो. म्हणजे डॉक्टरने दार लावून जे ऐकलं ते टाईप केलं की संध्याकाळी आईच्या मोबाईलवर. काही हॉस्पिटलं बारा-तेराव्या वर्षी आईवडिलांना दिसणारी माहिती आपोआप कमी करतात, आणि मग ज्यांच्या मुलाला मधुमेह आहे किंवा कॅन्सर आहे ते पालक रडकुंडीला येतात, त्यांना रोजचे आकडे बघायचे असतात. एका बटणाने हे सुटणार नाही. कुठल्या मुलाचं काय, कोणाला दाखवायचं, हे त्या मुलाला विचारूनच ठरवावं लागेल, दर वेळी, आणि ते कंटाळवाणं काम कोणालाच करायचं नसतं.

ताईचं आणि माझं आता बोलणं चालू आहे, तिचं मत बदललेलं नाही. फ्रान्सचं ऐकून म्हणाली, हो का, मग फ्रान्सच्या मावश्यांनी बिलं पण भरावीत. हे मात्र मला मान्य करावं लागलं. नंतर म्हणाली, तुझ्यावर येईल तेव्हा बघू. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. मी तिला ऐटीत सांगितलं की डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मी उठून बाहेर जाईन. तोंडाने सांगितलं खरं, पण तो हल्ली आंघोळीला गेला की दार आतून कडी लावून घेतो, जरा वेळ झाला की मी बाहेरून विचारतेच, सगळं ठीक ना रे? आणि तो आतून ओरडतो, आई, जा ना!